जुन्या पीसीच्या पडद्यावरची अक्षरं कुठून येतात आणि ती बदलायची कशी

डॉस या जुन्या पीसीच्या कार्यप्रणालीच्या काळ्या पडद्यावर सी प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टंकायची खूण, दिसतो, तेव्हा त्यातलं ‘सी’ हे अक्षर संगणकाने स्वतः काढलेलं नसतं. त्याच्या लेखी तिथे फक्त ६७ हा आकडा आहे. प्रोग्राम तो आकडा डिस्प्ले कार्डाच्या मेमरीत ठेवतो आणि मोकळा होतो. ६७ म्हणजे कोणता आकार, ते कार्ड ठरवतं. त्यासाठी त्याच्याकडे ठिपक्यांचा एक तक्ता असतो आणि जुन्या पीसीवर फॉन्ट म्हणतात तो या तक्त्याला. आजच्यासारखी फॉन्टची फाइल नाही, मेनू नाही, १२ पॉइंट की १४ हा प्रश्नही नाही. तक्ता बदलला की अक्षरं बदलली. पण तो तक्ता असतो कुठे आणि तिथवर आपला हात पोहोचतो का, हे मात्र तुमच्या मशीनमध्ये कुठल्या सालचं कार्ड आहे त्यावर अवलंबून.

अशी रचना करण्यामागे पैशांचं साधं गणित होतं. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हा त्याच्यासाठी दोन डिस्प्ले कार्डं होती. एमडीए हे एकरंगी, कार्यालयीन कामाचं. सीजीए रंगीत. एमडीएचा पडदा ७२० बाय ३५० ठिपक्यांचा. प्रत्येक ठिपक्याला एक बिट धरला तरी मेमरी लागते ३१,५०० बाइट. आणि कार्डावर मेमरी होती अवघी ४ केबी, कारण त्या काळी मेमरी महाग होती. म्हणून ठिपके साठवायचेच नाहीत असं ठरलं. पडद्याची घरं पाडली, आडवी ८०, उभी २५, एकूण २,०००. प्रत्येक घराला दोन बाइट. एकात अक्षराचा क्रमांक, दुसऱ्यात ते उजळ, अधोरेखित की लुकलुकतं याची माहिती; रंगीत कार्डावर रंगही याच बाइटात. झाले ४,००० बाइट, ४ केबीत आरामात बसले. शिवाय ४.७७ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला पान सरकवताना ३१ हजारांऐवजी ४ हजार बाइटच हलवावे लागत. डॉसचे संपादक आणि हिशेबाचे प्रोग्राम त्या मंद मशीनवरही चटपटीत वाटत, ते यामुळे.

अक्षर क्रमांकाने येतं, म्हणून कार्डाला दर क्षणी उलटं काम करावं लागतं. पडद्यावरची प्रत्येक आडवी रेघ रंगवताना ते त्या ओळीतले ८० क्रमांक वाचतं, प्रत्येक क्रमांकासाठी तक्त्यातून त्या रेघेपुरता एक बाइट काढतं आणि त्याचे आठ बिट एकामागोमाग मॉनिटरकडे सोडतं. व्हीजीए या १९८७ च्या कार्डाच्या टेक्स्ट मोडमध्ये, म्हणजे अशा घरांच्या पडद्यावर, हा सगळा खटाटोप सेकंदाला ७० वेळा चालतो.

खिळाछपाईच्या छापखान्यात कंपोझिटर खणाच्या जागेवरून खिळा उचलतो, बघून नाही. कोणी रात्रीतून खणांमधले खिळे बदलून ठेवले, तर सकाळी त्याचा हात नेहमीच्याच खणात जाईल आणि मजकूर भलताच जुळेल. जुन्या पीसीचंही तसंच, फक्त एक फरक आहे. छापून झालेला कागद बदलत नाही. पडदा मात्र सेकंदाला ७० वेळा नव्याने ‘छापला’ जातो, त्यामुळे तक्ता बदलताच आधी उमटलेला मजकूरही त्याच क्षणी पालटतो.

तक्त्यातली एक नोंद कशी दिसते? व्हीजीएवर एका अक्षराला १६ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८ ठिपके. ‘ग’ काढायचा तर वर मात्रांसाठी चार ओळी रिकाम्या ठेवू, खाली उकारासाठी चार. मधल्या आठ ओळी अशा:

■■■■■■■■  २५५
··■···■·  ३४
··■···■·  ३४
··■···■·  ३४
·■■···■·  ९८
·■■···■·  ९८
······■·  २
······■·  २

उजवीकडचे आकडे म्हणजे त्या ओळीच्या बाइटाची किंमत. डावीकडच्या ठिपक्याला १२८, मग ६४, ३२ असं करत शेवटच्याला १. भरलेल्या ठिपक्यांच्या किमतींची बेरीज केली की बाइट तयार. चार शून्यं, हे आठ आकडे, पुन्हा चार शून्यं, असे सोळा बाइट म्हणजे एक ‘ग’. २५६ अक्षरांचा पूर्ण फॉन्ट होतो ४,०९६ बाइटचा. चौकटीचा कागद आणि पेन्सिल घेऊन बसलं तर कोणालाही फॉन्ट काढता येतो. सुबक काढणं ही वेगळी गोष्ट. आठ ठिपक्यांत ‘ळ’ बसवून पाहा, म्हणजे कळेल.

आता बदलायचं कसं? एमडीए आणि सीजीएवर उत्तर जवळपास ‘नाही’ असंच होतं. तक्ता रॉममध्ये, म्हणजे फक्त वाचता येणाऱ्या मेमरीत, कोरलेला, आणि ती रॉम कार्डाच्या आतल्या आत वाचली जाई. प्रोसेसरला ती दिसतही नसे, मग बदलणं दूरच. गंमत अशी की आयबीएमने दोन्ही कार्डांवर एकच ८ केबीची चिप वापरली. तिच्यात ४ केबीचा एमडीए फॉन्ट आणि सीजीएचे २-२ केबीचे दोन, एक जाड रेघेचा आणि एक बारीक. एमडीए घेणाऱ्याच्या कार्डात रंगीत कार्डाचे दोन फॉन्ट बिनकामाचे पडून राहत. सीजीए घेणाऱ्याला बारीक फॉन्ट हवा असेल तर कार्डावरचा एक जंपर, म्हणजे दोन टोकं जोडणारा छोटा दुवा, जोडायचा, आणि तोही सोल्डर करून. म्हणजे फॉन्ट बदलण्याचं पहिलं साधन सोल्डरिंग आयर्न होतं!

याहून पुढे जायचं तर चिपच बदलायची. ईप्रॉम नावाच्या चिपवर काचेची छोटी खिडकी असते. तिच्यावर अतिनील प्रकाश सोडला की जुनी माहिती पुसली जाते आणि प्रोग्रामर यंत्रावर नवी भरता येते. ज्या कार्डांवर ही चिप सॉकेटमध्ये असे, तिथे जुनी काढून आपली लावायची. ज्या देशांची अक्षरं आयबीएमच्या तक्त्यात नव्हती त्यांना हाच रस्ता होता. पोलंडमध्ये माझोव्हिया नावाच्या पीसीसाठी जी संकेतावली, म्हणजे कोणत्या क्रमांकाला कोणतं अक्षर याची यादी, ठरली, तिच्यात पोलिश अक्षरं कमी वापराच्या खुणांच्या जागी बसवली आणि चौकटी आखायची चिन्हं मात्र जागच्या जागी ठेवली. फार शहाणपणाचा निर्णय. का, ते पुढे येईलच.

सीजीएवर एक पळवाट होती, पण फक्त ग्राफिक्स मोडमध्ये, म्हणजे पडद्याचा एकेक ठिपका मेमरीत ठेवला जातो तेव्हा. तिथे अक्षरं बायॉस, म्हणजे संगणकाच्या रॉममधला मूळ प्रोग्राम, एकेक ठिपका टाकून काढतं. पहिली १२८ मदरबोर्डवरच्या रॉममधून, आणि १२८ पासून पुढची ज्या तक्त्यातून घ्यायची त्याचा पत्ता मेमरीतल्या एका ठरलेल्या जागी लिहिलेला असतो. तिथे आपल्या तक्त्याचा पत्ता लिहिला की काम झालं. डॉस ३.० सोबत आलेली ग्राफटेबल ही आज्ञा एवढंच करते. मात्र ग्राफिक्स मोडमध्ये सगळं हळू चालतं आणि टेक्स्ट मोडसाठी लिहिलेले बहुतेक प्रोग्राम तिथे यायलाच तयार नसतात.

१९८२ मध्ये आलेल्या हर्क्युलिस कार्डाची जन्मकथा या विषयाला अगदी चपखल बसते. व्हॅन सुवन्नुकुल यांना पीसीवर आपला पीएचडीचा प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता. सीजीएचे ठिपके थाईसाठी फार जाडेभरडे, आणि एमडीएचा फॉन्ट तर बदलताच येत नव्हता. त्यांनी स्वतःच कार्ड तयार केलं, एमडीएसारखा रेखीव टेक्स्ट मोड आणि जोडीला ७२० बाय ३४८ चं ग्राफिक्स. पुढे हे कार्ड आणि त्याच्या नकला जगभर गेल्या. १९८६ च्या हर्क्युलिस प्लसमध्ये रॅमफॉन्ट आला. अक्षरांचा तक्ता रॉममधून उचलून रॅममध्ये, म्हणजे लिहिता येणाऱ्या मेमरीत, आणि एका वेळी ३,०७२ पर्यंत आकार. थाई, जपानी किंवा आपल्या लिपीच्या माणसाला ही संख्या ऐकून काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते. पण सॉफ्टवेअरवाल्यांनी तिला फारसा थारा दिला नाही. तोपर्यंत बाजार आयबीएमच्या नव्या कार्डांकडे वळू लागला होता.

ती नवी कार्डं म्हणजे १९८४ चं ईजीए आणि १९८७ चं व्हीजीए. फॉन्ट बदलण्याच्या दृष्टीने खरा पालट इथे झाला, कारण या कार्डांवर तक्ता रॅममध्येच राहतो. कार्डाची मेमरी चार थरांत विभागलेली असते. टेक्स्ट मोडमध्ये पहिल्या थरात अक्षरांचे क्रमांक, दुसऱ्यात रंग, तिसऱ्यात फॉन्ट. संगणक सुरू होताना बायॉस आपल्या रॉममधला फॉन्ट तिसऱ्या थरात उतरवून ठेवतं, आणि पुढे त्याच्यावर कोणीही लिहू शकतं. त्या थरात एकेका अक्षराला ३२ बाइटची जागा राखलेली असते, वापर १६ चा असला तरी. २५६ अक्षरांचा एक संच ८ केबीचा. व्हीजीएच्या ६४ केबीच्या थरात असे आठ संच मावतात.

लिहायचं कसं, तर बायॉसला सांगून. इंटरप्ट म्हणजे बायॉसला हाक मारायची सूचना, हेक्स म्हणजे सोळाच्या पटीत मोजायची अंकपद्धत. इंटरप्ट १० हेक्स ही पडद्याची खिडकी, आणि तिच्यातलं ११ हेक्स क्रमांकाचं काम फॉन्टचं. एएक्स रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या एका खणात, ११०० ठेवायचं, बीएचमध्ये अक्षराची उंची, बीएलमध्ये संचाचा क्रमांक, सीएक्समध्ये किती अक्षरं बदलायची, डीएक्समध्ये पहिलं अक्षर कितवं, आणि ईएस-बीपी या जोडीत तक्त्याचा पत्ता. मग इंटरप्ट. डॉससोबत फुकट मिळणाऱ्या डीबग प्रोग्राममध्ये या सातेक सूचना आणि वरच्या ‘ग’चे सोळा बाइट टंकता येतात. फक्त डीबगला सगळे आकडे हेक्समध्ये लागतात, तेव्हा उंची १६ नाही तर १० लिहायची आणि कॅपिटल ‘ए’चा क्रमांक ६५ च्या जागी ४१. प्रोग्राम चालवला की पडद्यावरचा प्रत्येक कॅपिटल ‘ए’ त्याच क्षणी ‘ग’ होतो. डीआयआर या आज्ञेने आलेली फाइलींची यादी आधीच समोर असेल तर ऑटोएक्झेक डॉट बॅट या नावात दोन ‘ग’ दिसतील. फाइलचं नाव तसंच आहे, डिस्कवर काहीही बदललेलं नाही.

ज्यांना एवढ्या खोलात शिरायचं नव्हतं त्यांच्यासाठी १९८७ च्या डॉस ३.३ ने कोड पेजची, म्हणजे भाषेनुसार तयार तक्ता निवडायची, सोय आणली. कॉन्फिग डॉट सिस या डॉस सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये डिस्प्ले डॉट सिस बसवायचं, मग मोड कॉन ही आज्ञा देऊन ईजीए डॉट सीपीआय या फाइलमधला हवा तो तक्ता आधी तयार करायचा आणि नंतर निवडायचा. ४३७ हा मूळ अमेरिकी तक्ता, ८५० पश्चिम युरोपचा, ८५२ मध्य युरोपचा. आतून घडतं तेच, तिसऱ्या थरात नवे ठिपके. अक्षरं लहान करून जास्त ओळी मिळवणं हाही फॉन्टबदलच आहे. ८ ओळींचा फॉन्ट भरला की व्हीजीएच्या ४०० रेघांत २५ च्या जागी ५० ओळी मावतात, ईजीएच्या ३५० रेघांत ४३. अन्सी डॉट सिस बसवलेलं असेल तर मोड कॉन लाइन्स इज इक्वल टू ५० एवढं टंकलं की झालं. लांबलचक हिशेब बघणाऱ्यांची सोय झाली, डोळ्यांचं काय ते वेगळं.

काही प्रोग्रामरांनी या सोयीचा भन्नाट वापर केला. नॉर्टन युटिलिटीजच्या काही आवृत्त्यांत टेक्स्ट मोडमध्येही माउसचा बाण ग्राफिक्ससारखा गुळगुळीत सरकायचा. घरं तर पाडलेली, मग बाण दोन घरांच्या मध्ये कसा? बाणाखाली जी चार-सहा घरं येतात तिथली अक्षरं घ्यायची, त्यांच्या ठिपक्यांवर बाणाचे ठिपके चढवून नवे आकार करायचे, ते कमी वापराच्या क्रमांकांवर भरायचे आणि ते क्रमांक त्या घरांत ठेवायचे. माउस हलला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. म्हणजे फॉन्ट सतत बदलत होता आणि बघणाऱ्याला त्याचा पत्ताही नसे.

२५६ आकार पुरत नसतील तर ५१२ करता येतात, पण किंमत मोजून. रंगाच्या बाइटातला अक्षराच्या उजळपणाचा बिट ‘पहिला संच की दुसरा’ हे सांगायला वापरायचा. मग अक्षराचे रंग १६ वरून ८ वर येतात.

इथवर सगळं ऐकून कोणालाही वाटेल की मग मराठीला अडचण कसली होती? ५१२ आकार आहेत, तक्ता रॅममध्ये आहे, भरा देवनागरी. घोडं पेंड खातं ते पुढे.

पहिली अडचण शिरोरेखेची. व्हीजीएचं घर खरं तर ९ ठिपके रुंद असतं, पण तक्त्यात दर ओळीला बाइट एकच, म्हणजे ८ ठिपके. नववा ठिपका कार्ड रिकामा ठेवतं, म्हणजे इंग्रजी अक्षरं एकमेकांना चिकटत नाहीत. आपला ‘ग’ आणि शेजारचा ‘ज’ यांच्यामध्ये मात्र शिरोरेखेला एका ठिपक्याची फट पडते. ओळभर तुटक तुटक रेघ. चौकटी आखणाऱ्या चिन्हांनाही हाच त्रास झाला असता, म्हणून आयबीएमने एमडीएपासूनच एक अपवाद ठेवला: १९२ ते २२३ या क्रमांकांच्या अक्षरांत आठवा ठिपका नवव्यात उतरवायचा. आपली अक्षरं या पट्ट्यात बसवली तर शिरोरेखा अखंड होते. पण जागा फक्त ३२! दुसरा उपाय म्हणजे कार्डाच्या रजिस्टरमधला एक बिट बदलून घरच ८ ठिपक्यांचं करायचं. तो जास्त सोपा, आणि मग सगळीच अक्षरं जुळतात.

दुसरी अडचण चौकटींचीच. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतावली १९९१ मध्ये आयएस १३१९४ या नावाने भारतीय मानक झाली. तिच्यात १२७ पर्यंत इंग्रजी तसंच ठेवून भारतीय अक्षरं वरच्या निम्म्या भागात बसवली आहेत. ‘क’चा क्रमांक १७९, ‘द’चा १९६, ‘य’चा २०५. आयबीएमच्या तक्त्यात १७९ ही उभी रेघ, १९६ आडवी, २०५ दुहेरी आडवी. आता नुसता इस्कीचा फॉन्ट भरून एखादा इंग्रजी प्रोग्राम उघडला तर त्याची सुबक चौकट वरून ‘दददददद’ आणि बाजूने ‘क’च्या खाली ‘क’ अशी दिसेल. दुहेरी चौकट असेल तर ‘यययययय’. पोलंडवाल्यांनी ती चिन्हं का हलवली नाहीत ते इथे कळतं. त्यांना थोडीच अक्षरं बसवायची होती. आपल्याला सगळी लिपी.

तिसरी अडचण सर्वांत मोठी, आणि तिच्यावर फॉन्ट बदलून उपायच नाही. एका घरात एकच आकार, एकावर एक रचता येत नाही. म्हणजे ‘कु’ला वेगळं चित्र, ‘के’ला वेगळं, ‘र्के’ला आणखी वेगळं. साध्या व्यंजनांना मात्रा, उकार, अनुस्वार आणि रफार लावत गेलं तरी ५१२ ची मर्यादा केव्हाच ओलांडली जाते, जोडाक्षरं तर अजून आलीच नाहीत. मेमरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर येते, पडद्यावर आधी दिसावी लागते, आणि नुसता तक्ता वाचणाऱ्या कार्डाला ही अदलाबदल कळत नाही. ‘क्ष’ इस्कीत तीन बाइट घेतो, क, हलंत, ष. प्रोग्राम तीन घरं मोजतो, डोळ्यांना हवं असतं एकच अक्षर.

म्हणून आपल्याकडे उपाय निघाला तो वेगळ्या कार्डाचा. आयआयटी कानपूरमध्ये ऐंशीच्या दशकात मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिस्ट तंत्र विकसित केलं, आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था स्थापन झाल्यावर ते काम तिथे वाढलं. जिस्ट कार्ड पीसीच्या आत बसवायचं. प्रोग्राम पूर्वीप्रमाणे बाइट पाठवत राहणार, त्यांतून अक्षरं जुळवून पडद्यावर आकार उमटवणार ते कार्ड. डीबेस या माहितीसाठ्याच्या प्रोग्रामसारखे मूळ इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्राम त्यामुळे मराठीत चालू शकले. इस्कीची आखणीही हुशारीची. दहा लिप्यांना एकच क्रमवारी, १७९ म्हणजे देवनागरीतही ‘क’ आणि गुजरातीतही ‘क’. तेव्हा मराठी नावांची यादी गुजराती लिपीत पाहायची तर मजकुराला हातही लावायचा नाही, फक्त आकारांचा संच बदलायचा. फॉन्टबदलाचा इतका मोठा उपयोग युरोपातल्या कोड पेजवाल्यांना कधी करता आला नाही.

जुनं मशीन हाताशी असेल, किंवा फ्रीडॉस (डॉसची मोफत आवृत्ती), डॉसबॉक्स (आजच्या संगणकावर डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम) यांवर प्रयोग करायचा असेल, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पडद्यावरचा फॉन्ट प्रिंटरला माहीत नसतो. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा तक्ता त्याच्या स्वतःच्या रॉममध्ये असतो, त्यामुळे पडद्यावर ‘ग’ आणि कागदावर ‘ए’ असं होणारच. दुसरं म्हणजे एखाद्या प्रोग्रामने व्हिडिओ मोड नव्याने लावला की बायॉस आपला रॉममधला फॉन्ट पुन्हा भरतं आणि तुमची मेहनत पुसली जाते. ती टिकवायची तर मेमरीत ठाण मांडून बसणारा छोटा प्रोग्राम लिहायचा, जो दर वेळी मोड बदलताच फॉन्ट पुन्हा भरेल.

तक्त्याचा पत्ता चुकला तर पडद्यावर नुसती ठिपक्यांची रांगोळी दिसते, एकही अक्षर वाचता येत नाही. घाबरायचं कारण नाही. कीबोर्डवरून क्रमांकच जातात आणि कमांड डॉट कॉम हा आज्ञा वाचणारा डॉसचा प्रोग्राम क्रमांकच वाचतो, आकार त्याने कधी पाहिलेलेच नसतात. एम, ओ, डी, ई, स्पेस, सी, ओ, ८, ० आणि एंटर, एवढं न बघता टंका. मोड नव्याने लागेल आणि बायॉसचा फॉन्ट परत येईल.